तेविसाव्या म्हणीचा मासा

“अगं, पण पाऊस पडला कधी?” गणूने कैरीची फोड तोंडात तशीच ठेवून विचारले.

जयाचे डोळे भरून आले होते. तपासायला म्हणून नेलेली तिची वही त्र्यंबक सरांनी तीन आठवडे ठेवून घेतली होती, आणि आज म्हणतात, “काल आंबिवलीला घरी जाताना वळवाच्या पावसात भिजली. पार लगदा झाला, फेकून दिली!”

१९८९ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. बाळकुमच्या समाजमंदिरात सर सुट्टीतला इंग्रजीचा वर्ग फुकट घेत. यंदा त्यांनी हवामानावरच्या इंग्रजी म्हणी शिकवल्या आणि पोरांना वेडच लावले. अभ्यास झाला नाही की गणू पोट धरून कण्हायचा, “सर, मी आज अंडर द वेदर! बरं नाही मला!”

जयाने तर वहीच केली. डाव्या पानावर इंग्रजी म्हण, उजव्या पानावर तिच्या आजाची, खाडीत मासेमारी करणाऱ्या गोमाजी कोळ्याची. आजाला वाचता येत नव्हते. “याचं पुस्तक होईल, आजा, आणि वर तुझं नाव असेल!” असे तिने त्याला कबूल केले होते. आता कसले पुस्तक!

“आंबिवलीला पडला असेल पाऊस,” ती म्हणाली.

“काय फेकतात सर!” तिची मैत्रीण लक्ष्मी उसळली. “माझी मावशी तिथेच राहते, मी काल तिच्याकडेच होते. काल दिवसभर तिचे पापड गच्चीवर वाळत घातलेले. एक थेंब पडला नाही!”

तिघांना खरे वाटेना. सर खोटे बोलले? आपले सर?

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात, फुकट शिकवतात म्हणून, सरांचा सत्कार होता. सतरंज्या घालताना गणूला कोपऱ्यात पुस्तिकांचा गठ्ठा दिसला. वरचीच एक ओढून तो ओरडला, “जया! ही तुझी वही!”

शब्द न् शब्द तिचा होता. वर नाव मात्र सरांचे! आजाच्या म्हणींखाली फक्त ‘ठाण्याकडील म्हणी’.

“स्टील समवन्स थंडर,” लक्ष्मी दात-ओठ खात म्हणाली. “दुसऱ्याचा गडगडाट पळवायचा. सरांनीच शिकवलेलं ना?”

पाने उलटता उलटता जया एकदम थांबली. “अरे, तेविसावी बघा! ही आजाची आहे. मीच तिचं इंग्रजी केलेलं आणि चुकून डाव्या पानावर लिहिलेलं. सरांना ती इंग्रजांचीच वाटली!”

“मग आजाला पुढे बसवू,” गणूने टाळी मागितली.

संध्याकाळी सत्काराला वाचनालयाचे अध्यक्ष दौलतराव आले. ते स्वतः निवृत्त इंग्रजी शिक्षक. त्यांनी सरांचे तोंडभर कौतुक केले. जया उठून उभी राहिली.

“सर, तेविसावी म्हण समजावून सांगा ना!”

सर खुलले. “व्हेन द मडफिश क्लाइम्ब्स द बंड, रेन इज इन द व्हिलेज! इंग्लंडचे जुने कोळी असं म्हणत.”

“आजा,” जयाने विचारले, “चिखलातला मासा बांधावर चढला की काय होतं रे?”

“निवटी चरली बांधाव, पानी आयलं गावान!” गोमाजी खणखणीत आवाजात बोलला. “माझा आजा बोलायचा. पन तो कवा गेलता इंग्लंडला?”

समाजमंदिर हसून हसून लोटपोट झाले. फक्त सर हसले नाहीत.

“हे चहाच्या कपातलं वादळ आहे,” ते पुटपुटले.

“माझी वही पावसात भिजली म्हणालात ना, सर? मग तीच या पुस्तिकेत कशी छापली?”

“पापड न भिजवणारा पाऊस!” लक्ष्मी ओरडली.

दौलतरावांनी वहीसाठी नुसता हात पुढे केला. सरांनी पिशवीतून वही काढली. कोरडी ठणठणीत!

“लहान मुलीचं पुस्तक कोण वाचणार, जया? म्हणून...” सर म्हणाले.

दौलतरावांनी त्यांच्या हातात पेन दिले. सरांना तिथेच बसून प्रत्येक पुस्तिकेवर आपले नाव खोडावे लागले आणि तिथे जयाचे आणि गोमाजीचे नाव लिहावे लागले.

“शाब्बास, पोरांनो!” दौलतराव म्हणाले. “आम्ही एवढे मोठे, पण आम्हाला शंकासुद्धा आली नाही!”

जयाने परत मिळालेली वही उघडली. पानापानावर सरांच्या लाल शाईत तेच लिहिले होते, ‘शाब्बास, जया!’ चोर दुसरा कुणी असता तर तिला इतके वाईट वाटले नसते.

घरी जाताना गोमाजी पुस्तिकेवरच्या आपल्या नावावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होता.

“पोरी, चांगल्या दिसान दोस्त नि आभाल भरलं का पलून जातो, त्याला इंग्रजीन काय बोलतान?”

“फेअर वेदर फ्रेंड.”

“तुला कोनी शिकवलं?”

“सरांनीच,” जया म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेले रडू तिला आता आवरेना.