सतरंजीखालची तार

“तार भिंतीवरून न्यावी, मैना. पायाखालून कधीच नाही. अन् जोडावर काळी टेप गुंडाळल्याबिगर तिथून उठू नये.”

बाबा अमरावतीला वायरमन होते. उन्हाळ्याच्या सुटीत अकोल्याला मामांच्या घरी जमिनीवर ओणवं होऊन दोन तारांची टोकं एकमेकांत पिळताना बाबांचे हे शब्द मैनाला अगदी स्पष्ट आठवले. आठवले, आणि तिनं ते बाजूला सारले. कारण टेप नव्हती.

“टेप कायले लागते?” कचेरीला निघता निघता पुंजामामा म्हणाले होते. “चिंधी गुंडाळ अन् वरून सतरंजी टाक. कोणाले दिसते?”

वैशाख होता. अकोल्याचं ऊन घरात शिरून बसलं होतं. मामांची लेक सुंदराताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दहा दिवसांच्या बाळाच्या अंगावर घामोळं उठलं होतं. तिच्यासाठी मामांनी एका मित्राचा टेबलपंखा मागितला होता. पण घरात प्लगचा बोर्ड एकच, तोही बाहेरच्या खोलीत. तिथून आतल्या खोलीपर्यंत तार कोण नेणार? “मी नेतो,” बारा वर्षांची मैना म्हणाली होती. वायरमनची पोर ना ती!

धर्मपाल आणि श्रावण हे मामेभाऊ पंखा घेऊन आले, तोवर तार सतरंजीखाली गेली होती. पंखा फिरला. सुंदराताईनं डोळे मिटून वारा घेतला. मामी म्हणाली, “मोतीरामभाऊची पोर शोभते बाई.” मैनाला दोन दिवस तो शब्द पुरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी गंगूबाई पाय झटकत बाहेर आली.

गंगूबाई वस्तीतलीच, नाल्याकडच्या शेवटच्या घरात राहणारी. वयानं साठीची. बाळाला न्हाऊ-माखू घालणं तिच्याकडे, आणि दुपारी खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडणंही तिच्याकडे. ते पाणी ओघळून सारवलेल्या जमिनीवर यायचं आणि खोली गार व्हायची.

“केशरबाई, दारापाशी माया पायाले झिणझिण आली,” ती मामीला म्हणाली. “कोणी चावल्यावानी.”

विंचू असेल म्हणून सगळ्यांनी कोपरे झाडले. काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, मामा घरी होते. गंगूबाई तांब्या हातात धरून उंबऱ्यातच थांबली. “मी आत येत नाही जी. तिथं काहीतरी हाय.”

“पाणी शिंपडाचा कंटाळा आला तं तसं सांगा,” मामा म्हणाले. “खोटं काहून बोलता?”

गंगूबाईनं तांब्या खाली ठेवला. “खोटं बोलाले मी तुमच्या घरी येत नाही, पुंजाजी.”

“मग नका येऊ.”

ती पायरीपर्यंत गेली आणि मैनापाशी थांबली. “तू शाळेत जातेस, माय. तू तरी पाह्य, मी खोटी हाय काय ते.”

“पाह्यतो,” मैना म्हणाली. “अन् तुमाले घरी येऊन सांगतो.”

जोड दारापाशीच होता; सांगायचं काय, ते तिला तेव्हाच माहीत होतं. पण माहीत आहे हे तिनं स्वतःलाही कळू दिलं नाही.

तेरा वर्षांच्या धर्मपालनं लगेच तपास हाती घेतला.

“भूत असन,” धाकटा श्रावण म्हणाला.

“दुपारी दोन वाजता काय बे? त्या वक्ती भूतही झोपते.”

“मग चावते कोण?”

“तेच पाहाचं हाय. तू बोलू नको, फक्त पाह्य.”

दुसऱ्या दिवशी तिघं दाराशी दबा धरून बसले. घरातली मांजर सकाळपासून आत-बाहेर करत होती, तिला काही झालं नव्हतं. दुपारी पंखा सुरू झाला. धर्मपाल पडदा भिजवायला उठला.

“चपला घाल,” मैना म्हणाली. फार घाईनं म्हणाली.

“काहून?”

“घाल म्हटलं ना.”

पाणी ओघळून दारापर्यंत आलं. मांजर आली, ओल्या जमिनीवर तिनं पंजा टेकला, झटकन उचलला, आणि उडी मारून पलीकडे गेली. धर्मपालनं बोर्डावरून पंखा बंद केला. मांजर त्याच ओलीतून सावकाश चालत परत आली.

“भूत पंख्यात हाय,” श्रावण हळूच म्हणाला.

धर्मपाल मात्र मैनाकडे पाहत होता. “मैने, जोड तूच दिला ना? टेप लावली होती?”

“लावली होती.”

किती सहज आलं ते तोंडातून. बाबांचं बोलणं, मामीचं कौतुक, सगळं त्या दोन शब्दांमागे लपून बसलं.

संध्याकाळी सगळे तथागतांच्या मूर्तीपुढे वंदनेला बसले. मामी रोज एकेक शील म्हणायची आणि मागून मुलं म्हणायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आल्यावर मैनाचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. आतल्या खोलीत सुंदराताई बाळाला थोपटत होती. तिच्या लोखंडी खाटेचा एक पाय जोडाजवळच सतरंजीच्या काठावर टेकला होता. मैनानं तो पाहिला आणि मग रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी वैशाखातली बुद्धपौर्णिमा होती. बाळाचं नावही आजच ठेवायचं होतं, त्यासाठी बाबाही अमरावतीहून यायचे होते. उजाडताच मैनानं अंगणात निजलेल्या धर्मपालला हलवलं.

“टेप नव्हती. चिंधी हाय तिथं.”

तो उठून बसला.

“गंगूबाईले खोटं ठरवलं तवा तू तिथंच होतीस,” तो म्हणाला.

“हो.”

“चाल, माया बाबाले सांगू.”

मामा दारावर पताका बांधत होते. “आज? पंचवीस बाया येऊन राहिल्या अन् मी सतरंजी उचलू? उद्या पाहू. इतक्या दिवसांत कोणाले काही झालं काय?”

“गंगूबाईले झालं,” मैना म्हणाली. पण मामा तोवर दोरी आणायला गेले होते.

“स्विच बंद करू,” धर्मपाल म्हणाला.

“ते पुन्हा चालू करतीन.” मैनानं विचार केला. मग तिनं तार बोर्डातून उपसली, मामांच्या पेटीतला पेचकस घेतला आणि तारेच्या टोकाचा प्लगच सोडवून श्रावणच्या हातावर ठेवला. “हे घेऊन अंगणातल्या निंबावर बस.”

“जेवाले बोलावलं तं?”

“तरी उतरू नको.”

“अन् लाडू असले तं?”

“श्रावण्या, चढ,” धर्मपाल म्हणाला.

अकरा वाजता घर बायकांनी भरलं. सतरंजीवर दाटी झाली. “पंखा लाव रे धर्मा,” मामांनी फर्मावलं. प्लग सापडेना. मामांनी पेटी पालथी केली, पोरांवर ओरडून झालं, आणि मग म्हणाले, “काही अडत नाही. उघडी तारच खोचतो. आगकाड्या आण.”

तारेची उघडी टोकं आगकाड्यांनी बोर्डात दाबून बसवायची, असा त्यांचा बेत होता. त्यांनी हात पुढे केला आणि मैना बोर्डाला पाठ लावून उभी राहिली.

“नाही, मामा.”

“बाजूले हो, मैना.”

“जोडावर टेप नाही.” तिनं सतरंजीकडे बोट दाखवलं. “चिंधी हाय. मी गुंडाळली. धर्माले मी खोटं सांगितलं. अन् गंगूबाई खऱ्या होत्या, ते मले माहीत होतं.”

“सतरंजी उचला,” दारातून कोणीतरी म्हणालं.

बाबा होते. अमरावतीहून सकाळच्या गाडीनं आलेले, थैली अजून खांद्यावरच. ‘जयभीम’ घालायचंही राहून गेलं होतं. बायका उठल्या. बाबांनी सतरंजी दुमडली. चिंधी जळून कोळसा झाली होती आणि सतरंजीला खालून आवळ्याएवढं काळं भोक पडलं होतं. खाटेचा पाय तिथून दोन बोटांवर होता.

सुंदराताईनं बाळाला छातीशी घेतलं. मामा पेटीवर बसले.

“चिंधी गुंडाळ म्हणून मीच म्हटलं होतं, मोतीरामभाऊ,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “सकाळी पोरं सांगाले आली, तं ऐकलंही नाही.”

बाबा रागावले नाहीत. त्यांनी तार ओढून काढली, गुंडाळली. “संध्याकाळी भिंतीवर लाकडी पट्टी मारून देतो. आज हातपंखे घ्या.” मग मैनाकडे पाहून एवढंच म्हणाले, “तुले मी काय सांगितलं होतं?”

“भिंतीवरून न्यावी.”

“हं.”

मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. पोरीनं घर वाचवलं बाई. केवढं धाडस, भर सभेत खरं बोलली. पोट्टे हुशार निघाले. कोणी धर्मपालची पाठ थोपटली, कोणी श्रावणला निंबावरून उतरवून लाडू दिला. मामी मैनाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “पाळण्याची पहिली दोरी आज तुया हाती.”

मैनाला ते कौतुक गिळवेना. सगळी वस्ती त्या खोलीत होती. ज्या हातांनी त्या बाळाला पहिल्या दिवसापासून न्हाऊ घातलं, ते हात तेवढे नव्हते.

“मामी, गंगूबाई?”

मामी ओशाळली. “चुकलंच आमचं. उद्या निरोप धाडतो, माय. आता ह्या गर्दीत कोण जाईन?”

बायका पाळण्याभोवती जमल्या. मैना मागल्या दारी आली. जमीन तापली होती. तिनं चपला घातल्या.

“मी येऊ काय?” मागून धर्मपालनं विचारलं.

“नको. सांगाचं मले हाय.”

तिनं डोक्यावर ओढणी घेतली, फाटक आवाज न करता लोटलं आणि नाल्याकडच्या शेवटच्या घराच्या दिशेनं चालू लागली.