गजासाठी सोंग

पाय

सोंगाची आखणी पायापासून करायची, असं येसाजीनं ठरवलं. अडचण पायातच होती.

येसाजी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. यंत्रांचे भाग कागदावर काढायचे, मापं टाकायची, हे त्याचं रोजचं काम. गाव खालापूरच्या अलीकडे, घरची भातशेती, घरात आई अंबाबाई आणि धाकटा भाऊ गजा. लहानपणी आलेल्या तापात गजाचा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला होता.

शिमग्याला गावात दारोदार सोंगं फिरत. घरच्यांनी आतला माणूस ओळखायचा. नाव बरोबर आलं की सोंगानं तिथंच तोंड उघडं करायचं आणि घर गाठायचं. गेल्या वर्षी गजा वाघ झाला होता. पहिल्याच अंगणात पोरं ओरडली, "वाघ लंगडतोय! गजा, गजा!"

"दादा, एकदा तरी गावभर फिरू दे मला," गजा म्हणाला. "कुनी वळखायला नको. एवडंच."

येसाजीनं कागद ताणून बसवला. डाव्या पायासाठी सावरीच्या हलक्या लाकडाचं जाड तळव्याचं पाऊल. पोपट सुतारानं बोटांसकट कोरून दिलं. उजव्याला तसंच, पण पातळ. दोन्हींवर गुडघ्यापर्यंत पेंढा. गजा ते बांधून अंगणात चालला. चाल सरळ पडली. अंबाबाई पदर तोंडाला लावून आत गेली.

अंग

कारखान्यात औषधं गाळायचं जाड राखाडी कापड वापरून टाकून देत. त्याचा पोटऱ्यांपर्यंत येणारा झगा शिवला, खांद्यात बांबूच्या कामट्या घातल्या. गजाच्या पायात कायम घुटमळणारा घरचा कुत्रा झगा पाहून गुरगुरला.

"कापडाला औषधाचा वास येतोय," येसाजी म्हणाला. कारण पटण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी गजा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाहेर आला, तरी कुत्रा गुरगुरला. अंगाला लागला असेल वास, असं येसाजीनं धरलं.

तोंड

वाळलेला भोपळा. डोळ्यांना दोन बारीक भोकं. नाक नाही, ओठ नाहीत, मिशी नाही.

"कोनाचं रं हे?" अंबाबाईनं विचारलं.

"कुणाचंच नाही. देव नाही, राक्षस नाही, जनावर नाही. बघणाऱ्याला नाव सुचायलाच नको."

"आसं नसतं करायचं. म्हसोबाचं कर, वेताळाचं कर, पन कोनाचं तरी कर. सोंगाला धनी लागतो."

"आये, धनी आसला की वळखतात गं," भोपळ्यातून गजा म्हणाला.

अंबाबाईनं मान वळवून दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून.

पोकळीत आवाज बदलतो, हे येसाजीला ठाऊक होतं. पण गजानं भोपळा काढून ठेवला, हातपाय धुतले, तरी दुपारी तिनं दोनच ताटं वाढली. मग जीभ चावून तिसरं घेतलं.

फेरी

धुळवडीच्या दुपारी सोंग निघालं. सोबत येसाजी.

"सदू!" पहिल्या दारात कुणी ओरडलं.

"सदू तर हितं हुबा हाय, मेल्या!"

"मग नामा. पोट बग की."

"नामाचं पोट एवडं आत गेलं तर मी मिशी काढीन."

"मग खालापूरचा मामलेदार आसंल!"

हशा पिकला. दारामागून दार झालं, गावातली नावं संपली, मुंबईला गेलेल्यांची संपली. गजाचं नाव कुणीच घेतलं नाही. झग्याच्या आत गजा हसतोय, हे येसाजीला हलणाऱ्या कामट्यांवरून कळत होतं.

शेवटचं दार म्हाताऱ्या धोंडूबाईचं. ती सोंगाच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ भोकांतून आत पाहत राहिली.

"येसाजी," ती म्हणाली, "ह्यात कोनच नाय रं."

आणि दार लावून घेतलं.

उतरवणं

घरी येऊन गजानं सगळं उतरवलं. येसाजीनं सोंग कोपऱ्यातल्या स्टुलावर नीट मांडून ठेवलं, खाली पावलं, वर झगा, त्यावर भोपळा.

"जिकलो दादा!" गजा बनियनवर उभा होता, घामानं निथळत.

अंबाबाई पाणी घेऊन आली. गजाला पाहून तिनं पदर सावरला.

"पावणं कोन?"

येसाजी हसला. ती हसली नाही. कोपऱ्याकडे गेली, झग्यावरची पेंढ्याची काडी टिपली. "दमलास का रं गजा?"

"आये, गजा हा. इकडे बघ," येसाजी म्हणाला.

तिनं त्या बारीक पायाकडे पाहिलं. तिचा चेहरा निवळला. "आमचा गजा बी असाच हाय, बाबा," ती मायेनं म्हणाली. "बस. भाकर खाऊन जा."

येसाजी त्याला हाताला धरून शेजारी सदूकडे घेऊन गेला. सदूनं पाट दिला, गूळपाणी दिलं, आणि विचारलं, "कोन गाव तुमचं?"

ओटी

संध्याकाळी दोघं ओटीवर बसले. येसाजीनं डोळे मिटून गजाचा चेहरा आठवून पाहिला. भोपळा आला. पुन्हा आठवला. भोपळाच.

"दादा," शेजारी बसलेला म्हणाला, "माजं नाव घे. एकदाच घे."

येसाजीनं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. पण ते आत कोपऱ्यात बसलेल्याचं होतं.

"दादा."

आवाज ओळखीचा वाटला. कारखान्यात कुणाचा तरी असावा.

"तुमचं घर लांब आहे का?" येसाजीनं विचारलं.

तो माणूस रडत होता. येसाजीनं त्या परक्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

सकाळी त्याला खालापूरहून कर्जतच्या एसटीत बसवून दिलं. अंबाबाईनं भाकरी बांधून दिली होती. लंगडा असूनही फूटबोर्ड चढायला त्यानं कुणाचा हात घेतला नाही. गाडी हलेपर्यंत खिडकीतून येसाजीकडे पाहत होता.

चपला

पावसाळ्याच्या तोंडी येसाजीनं गजासाठी खालापूरहून चपला आणल्या. माप चुकलं. बोटं पुढे आदळू लागली.

"माप बराबर हाय," चुलीपाशी बसलेली अंबाबाई म्हणाली. "आदी नखं काप त्याची."

येसाजी ब्लेड घेऊन स्टुलाशी बसला. एकेक बोट धरून कापत गेला. नखं मऊ होती, नुकतीच अंघोळ केलेल्या माणसाची असतात तशी.