न झिजलेला दांडा

चेपलेलं पिवळं हेल्मेट टेबलावर ठेवून ती तरुण आई खुर्चीच्या टोकाला बसली. मांडीवरचं बाळ निळ्या माशांच्या दुपट्यात गुरफटलेलं होतं.

"माझ्या नवऱ्याचं आहे. तो म्हणतो, साइटवर पडलं आणि ट्रकखाली आलं."

ताईंनी हेल्मेट उजेडात फिरवून पाहिलं. विमा कंपनीसाठी अपघातातली यंत्रं तपासण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता त्या खासगी तपास घेत. सोबतीला त्यांची भावजय असे. तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनींना दिसायचं सगळं, उमगायला जरा वेळ लागायचा.

"ट्रकखाली आलं असतं तर चुरा झाला असता," ताई म्हणाल्या. "इथे मधोमध एकच सरळ घडी आहे. आणि घडीत राखाडी रंग लागलाय."

"त्याचा लोडर राखाडीच आहे." ती म्हणाली.

लोडर रबरी पट्ट्यांवर चालणारा, पुढच्या बकेटनं माती-सामान उचलणारा होता. मालकाकडे तिचा नवरा तो कैक वर्षं चालवत होता. आता मालक तोच त्याला विकत होता, तोही स्वस्तात. दुपारी सौदा ठरणार होता.

"मग तुमच्या ह्यांना मशीन पुरतं ठाऊक असेल की," वहिनी म्हणाल्या.

"ठाऊक आहे म्हणून तर तो काही बघतच नाही! इतक्या स्वस्तात कोण देतं हो? काहीतरी बिघाड लपवलाय. नाहीतर कुणीतरी मुद्दाम करून ठेवलाय. हेल्मेटमध्ये डोकं असतं तर..." तिनं बाळाला घट्ट धरलं. "बाळ झोपलं की मी त्याचा श्वास बघत बसते, ताई. आता नवऱ्याचाही बघते. दिवसभर फोन करते. कधी येतोस, कधी येतोस. वैतागतो बिचारा."

"दुपटं गोड आहे हो," वहिनींनी विषय बदलायचा प्रयत्न केला.

"जोडी होती. एक फाटलं, ते नवऱ्याला कामावर हात पुसायला दिलं." तिनं ताईंकडे पाहिलं. "बघाल ना मशीन?"

ताई चपला घालून उभ्याच होत्या.

यार्डात तिघं वाट बघत होते: पोट सुटलेला मालक, खिशात पक्कड खोचलेला मिस्त्री आणि नवरा. बायकोला पाहून नवऱ्याचा चेहरा पडला.

"अगं, बाळाला घेऊन इथे कशाला आलीस?"

"बघायला," ती म्हणाली.

ताईंनी इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवला. झाकण गार होतं.

"गारच असणार," मालक हसला. "आधी तापवून ठेवलं की सुरू होतानाचा खोकला ऐकू येत नाही. तसली लबाडी आपल्याला जमत नाही."

मिस्त्रीनं चावी फिरवताच इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं; ताईंनी मान हलवल्यावर त्यानं ते बंद केलं.

"मग स्वस्तात का देताय?" ताईंनी विचारलं.

"हा खांदा बघा. दोन वर्षं झाली, हात छातीच्या वर जात नाही. धंदा आवरून मुलीकडे राहायला चाललोय. ज्यानं सांभाळलं त्यालाच द्यावं म्हटलं. मी तर त्यात कधी बसलोही नाही."

"मदतनीस कोण होता ह्याच्या हाताखाली?"

"मदतनीस कशाला? हा एकटाच दोघांचं काम करतो!"

ताईंनी पट्टे पाहिले, खालचे रोलर हातानं चाचपले. मग त्या समोरून केबिनकडे वळल्या. ह्या लोडरमध्ये चढायचं ते समोरूनच, बकेट ओलांडून, ती उचलणाऱ्या बूमच्या दोन लोखंडी हातांच्या मधून. बूमचे लिव्हर जमिनीवर उभ्या माणसाच्या खांद्याइतके उंच होते. वहिनींनी ताईंची पर्स धरली आणि मान आत घातली.

सीटचा फोम बाहेर आला होता. लिव्हरच्या रबराला समोरच्या बाजूनं तळव्याएवढी चकाकी होती.

"सगळंच झिजलंय, वन्सं. घासाघीस करायला जागा आहे."

"सगळं नाही, वहिनी." ताई सीटवरच्या आडव्या दांड्याकडे बघत होत्या. त्याचा रंग कोरा होता. स्टिकरचा कोपरासुद्धा उचकटलेला नव्हता. "हा कशासाठी?"

"ड्रायव्हरनं बसून दांडा मांडीवर ओढला, तरच बूम हलतो," मिस्त्री म्हणाला. "नाहीतर मशीन मुकं."

"त्याची वायर कधी बिघडली होती?"

मिस्त्रीनं मालकाकडे चोरून पाहिलं. "मी दोनदा नीट केली. दोन्ही वेळा पुन्हा कुणीतरी छेडछाड केलेली सापडली. मालक म्हणाले, काम चाललंय ना, राहू दे. मग मी सोडून दिलं. पण माझ्या प्रत्येक जोडावर काळी नळी असते, बाई. कुठेही बघा."

ताईंनी सीट उचलली. सगळ्या जोडांवर काळ्या नळ्या होत्या. एका ठिकाणी मात्र दोन वायरी नुसत्या पिळून चिंधीनं बांधल्या होत्या. चिंधी तेलानं काळी झाली होती. गाठीपाशी तेवढी एक निळी शेपटी दिसत होती.

ताईंनी सीट खाली ठेवली. "जरा बकेट उचलून दाखवता?"

नवरा झपझप पुढे आला. बाहेरूनच चावी फिरवून त्याचा हात लिव्हरकडे गेला, मध्येच थबकला. मग तो वर चढला, बसला, दांडा ओढला. दांडा कुरकुरत, अडखळत खाली आला.

"तेल हवंय त्याला," तो हसला. त्याच्यासोबत कुणी हसलं नाही.

"मशीन घ्या," त्यानं इंजिन बंद केल्यावर ताई म्हणाल्या. "चांगलं आहे."

"आणि हेल्मेट?" बायकोनं विचारलं.

"तेच सांगते. आधी बाळाला वहिनींकडे द्या."

तिनं बाळ वहिनींच्या हातात दिलं.

"जुनं मशीन बघताना लोक झिजलेलं शोधतात. मी न झिजलेलं बघते. सीट फाटली, तरी दांडा कोरा. म्हणजे तो खाली येतच नव्हता. तरी बूम हलायचा, कारण सीटखालच्या वायरी जोडून मशीनला फसवलंय."

"पण दांड्याचा त्रास काय, वन्सं?"

"बसून काम करणाऱ्याला काहीच नाही. सारखं चढ-उतर करणाऱ्याला मात्र आहे. लिव्हरचं रबर समोरून झिजलंय. बसलेल्याचा तळवा तिथे कधी लागत नाही. बाहेर, थेट बूमखाली उभं राहून कुणीतरी आत हात घालायचं."

"कोण?"

"मालकांचा खांदा तिथवर पोचत नाही. मिस्त्रींचा जोड नळीशिवाय नसतो. आणि ती चिंधी..." ताईंनी बाळाच्या दुपट्याकडे बोट केलं. "तिच्यावर हेच मासे आहेत."

चिंधी बघायला कुणी गेलं नाही. नवरा सीटवर तसाच बसून होता, दांडा मांडीवर घेऊन.

"पाइप बूमच्या साखळीला अडकवायचे असायचे," तो म्हणाला. "दुसरं माणूस नाही. प्रत्येक वेळी चढा, बसा, दांडा घ्या, पुन्हा उतरा. त्या दिवशी बाही लिव्हरला अडकली आणि बूम खाली आला. मी निसटलो. हेल्मेट राहिलं."

"मला ट्रक म्हणालास."

"तू झोपली नसतीस."

"झोपले कुठे? इतकी कसली घाई होती रे तुला?"

तो खाली बघत म्हणाला, "आधी नुसता कंटाळा असायचा. आता बाळ झोपायच्या आत पोचायचं असायचं. तू फोन करायचीस ना."

ती बकेटच्या कडेला टेकून उभी राहिली. ती त्या दोन लोखंडी हातांकडे बघत होती.

मालकानं घसा खाकरला. "मदतनीस मी द्यायला हवा होता."

"हवाच होता," वहिनी फटकन म्हणाल्या. ह्या वेळी त्यांना उमगायला वेळ लागला नाही.

नवरा उठला, तशी मिस्त्रीनं सीट उचलून चिंधी सोडली, वायरी वेगळ्या केल्या, दांड्याच्या बटणाला जोडून त्यांवर काळी नळी चढवली. नवऱ्यानं पुन्हा बसून इंजिन सुरू केलं, दांडा वर केला, लिव्हर ओढला. बूम हलला नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा ओढला. बूम जागचा हलला नाही.

"पुन्हा."

तिसऱ्यांदाही हलला नाही, तेव्हा कुठे तिनं बाळ परत घेतलं.

"उद्यापासून कधी येतोस म्हणून विचारणार नाही."

"मग फोनच करणार नाहीस?"

"करणार तर!" तिनं डोळे पुसले. "दांडा खाली आहे का, तेवढंच विचारीन."