सांजच्या बसचा अनुमोदक

ग्रामसभेला उशिरा पोहोचणं हा काही गुन्हा नाही. पण हर्षला त्या दिवशी इतकी उशिरा पोहोचली, की तिच्या नोकरीचा निकाल तिच्या डोळ्यांदेखत लागला आणि तिला तो कळलासुद्धा नाही!

पंधरा ऑगस्टची सकाळ. झेंडावंदन आटोपून सगळं गाव शाळेच्या एका वर्गात दाटीवाटीनं बसलेलं. बाहेर श्रावणाची सर, आत ओल्या छत्र्यांचा आणि गरम जिलबीचा वास. हर्षला दारात थांबली, ओढणीनं कपाळ टिपत जागा शोधू लागली... आणि पुढच्या रांगेतल्या एका तरुणानं तिच्याकडे बघून चक्क हात वर केला. सावळा, बाह्या दुमडलेला, शेजारची खुर्ची रिकामी. मला बोलावतोय? मलाच? ती हसली. तोही हसला — हात तसाच वर!

"अनुमोदक, विपुल," ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मोठ्यानं म्हटलं आणि लिहून घेतलं. "ठराव मंजूर."

टाळ्या पडल्या.

"कसला ठराव गं?" हर्षलानं दाराशी बसलेल्या मोतीबाईंना विचारलं.

"सांजची कर्जतची बस बंद. पंचायत पैसं भरते ना तिचं, आता परवडत नाय म्हनतात. गनपती झालं का बंद."

हर्षलाचं हसू ओठांवरच विरलं. कर्जतला लागून असलेल्या भिसेगावच्या लॅबमधली तिची नोकरी त्या एका बसवर चालली होती. तिच्या बाबांनी, आबाजींनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बस हाय तवर नोकरी. कुनाच्या गाडीवर बसून यायचं नाय." आणि ज्यानं ती बस बंद करायला अनुमोदन दिलं, त्याच्याकडे बघून आपण हसलो! तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

जिलबी वाटताना तिनं त्याला गाठलंच.

"तुमीच ना हात वर केलात?"

"हो... म्हंजे... तसा नव्हता केला —"

"मग काय, आपोआप वर जातो?"

तो कानापर्यंत लाल झाला. शेजारीच आबाजी द्रोण घेऊन उभे होते. "सांगतो... पन इथं नाय सांगता येनार."

"मग ठेवा तुमच्याकडंच!"

त्या दिवशी तिनं जिलबी खाल्ली नाही. तिला ओळखणाऱ्यांना यावरून रागाचा अंदाज येईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कर्जतला बसमध्ये चढली, तर ही स्वारी आधीच हजर! ओढ्यापलीकडच्या वाडीवरचा विपुल, वाटेतल्या कडावला दुधाची डेअरी चालवणारा, दारात बुलेट उभी असलेला.

"बुलेट मोडली वाटतं?"

"बस रिकामी धावते म्हनून बंद करतायत ना. तेवढंच एक मानूस वाढलं."

"वा! आधी गळा दाबायचा, मग पानी पाजायचं."

"पाजतोय ना," तो हळूच म्हणाला. "रोज पाजीन... तुमी नको म्हनेपर्यंत."

तिनं पर्स शेजारच्या सीटवर दाणकन ठेवली. मुकाट्यानं तो मागे जाऊन बसला. पण रोज येऊ लागला. एकदा खिडकीची काच अडकली, पावसाचे सपकारे तिच्या तोंडावर यायला लागले. तर या बहाद्दरानं छत्री उघडून थेट खिडकीलाच लावली आणि कडावपर्यंत तशीच धरून उभा राहिला. कंडक्टर पोट धरून हसला. हर्षलानं बाहेरच्या हिरव्यागार भाताकडे तोंड फिरवलं, कारण तिलाही हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पर्स सीटवरून उचलून तिनं मांडीवर घेतली. त्याला 'बसा' म्हणाली नाही... पण पर्स मांडीवर घेतली.

"आता तरी सांगा, हात का केलात?"

"भीती वाटते."

"कुनाची?"

"तुमच्या बाबांची."

तिला काही उमगेना. राग होताच, पण संध्याकाळ कधी होते याची वाट ती दुपारपासून बघायची. तो तिला आवडायला लागला होता, आणि गणपतीनंतर ना नोकरी राहणार होती, ना ही बस.

इकडे विपुल गप्प बसला नव्हता. दारोदार फिरून त्यानं खास ग्रामसभा घ्यायला लावली. पुन्हा तोच वर्ग, पुढच्या रांगेत आबाजी, आणि समोर सरपंच विमलबाई, आवाज असा की मागच्या भिंतीलाही ऐकू जावा.

"विपुल, तूच अनुमोदक आनि आता तूच आडवा? पोरखेळ हाय का रं? हात का वर केलावता ते सांग आधी. नायतर ठराव हाय तसा राहील!"

विपुल उभा राहिला. त्यानं आबाजींकडे पाहिलं, हर्षलाकडे पाहिलं.

"सरपंचबाई... मी ठराव ऐकलाच नव्हता. हर्षला दारात उभी होती, भिजलेली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, म्हनून हात केला. मग ती हसली... आनि भाऊसाहेब काय बोलले ते मला ऐकूच आलं नाय." "मला आवडते ती. बसपायी तिची नोकरी जाऊ नये."

सगळा वर्ग असा हसला, की पत्र्यावरचा पाऊसही ऐकू येईना. हर्षलाचे गाल पेटले. म्हणजे तो मलाच बोलावत होता! मलाच! लाज वाटत होती, आनंद त्याहून जास्त होत होता.

विमलबाईंनी पदरानं डोळे पुसले. "भाऊसाहेब, हा हात ठरावाला नव्हताच. अनुमोदक नाय, तर ठराव नाय. दुसरा कुनी हाय का? करा हात वर!"

कुणाची छाती होणार? हात वर गेला रे गेला, की 'तू कुनाला बोलावतोस रं?' हे ठरलेलं. बसविरुद्ध सगळ्यात जास्त बोलणारा कमळ्यासुद्धा हात बगलेत दाबून बसला.

"मग बस चालू. पैशाचं काय ते मी बघते."

तेवढ्यात आबाजी उठले. हसू जिथल्या तिथं थांबलं.

"घरी मोठं कोन हाय रं तुझ्या?"

"आई... आनि काका."

"रविवारी घेऊन ये."

याचा अर्थ गावात कुणाला सांगावा लागत नाही. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. पण हर्षला ताडकन उभी राहिली.

"बाबा! सगळ्यांनी सगळं ठरवलं. मला कुनी विचारलं?"

विपुलचा चेहरा उतरला. आबाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"बरं बाय, तुला विचारतो. बोलवू... का नको?"

हर्षलानं विपुलकडे पाहिलं. तो अजून उभाच होता.

"बोलवा," ती म्हणाली. "मला पन आवडतो तो."

हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की व्हरांड्यात छत्र्या झटकणाऱ्या बायकांनाही स्पष्ट ऐकू गेलं. विपुल मात्र तसाच उभा राहिला, विमलबाईंनी दोनदा "खाली बस रं आता" म्हटलं तरीही.