बारा कंदील

हे कुणाला सांगायचं नाही, असं मंजुळाने मला बजावलं होतं. ती माझी मावसबहीण. पण चार दिवस झाले, आमच्या घिवली गावचा समुद्र पुन्हा तसाच काळा दिसतोय, म्हणून लिहून ठेवते.

आमच्याकडे होडीला परतायला उशीर झाला, की त्या घरच्यांनी किनाऱ्यावर दोन कंदील टांगायचे. खडकांमधली वाट त्या दोन्हींच्या मधोमध असते. त्रेसष्ट सालच्या आश्विनात वादळ उठलं आणि दिवस मावळायच्या आतच अंधारून आलं. मंजुळाच्या बापाची, महादूकाकांची होडी तेवढी बाहेर होती. एवढ्या पावसात दोन कंदील बापाला कसे दिसणार? मंजुळा घरोघर फिरली, बारा कंदील मागून आणले आणि बांबूंवर टांगले. सहा इकडे, सहा तिकडे, सरळ रांगेत.

मग ढगांतून घरघर ऐकू आली. एक लहानसं विमान वाट चुकल्यासारखं गावावरून दोनदा फिरलं. तिसऱ्यांदा ते समुद्राकडून आलं, त्या दोन रांगांच्या मधोमध, धावपट्टीवर उतरावं तसं अगदी विश्वासाने खाली उतरत... आणि खडकांवर आपटलं.

आत एकच माणूस होता. तरणा. शेजारच्या गोजराबाईने त्याच्या मृतदेहावर शिडाचं कापड पांघरलं. सगळीकडे पेट्रोलचा वास सुटला होता. तासाभराने महादूकाका त्याच कंदिलांच्या उजेडात सुखरूप आले.

पोलीस यायच्या आत गावच्या पाटलांनी, तात्यांनी, सगळ्यांना सांगितलं, "कंदील लावलेच नवते. समजलं?"

पावसामुळे दिशा चुकली, असं पोलिसांनी लिहून नेलं. विमानातल्या त्या पोराच्या आईला काय सांगितलं असेल, एवढंच मंजुळा मला अधूनमधून विचारायची.

पुढच्या आश्विनात पुन्हा तसंच आभाळ फाटलं, आणि पुन्हा महादूकाकांचीच होडी राहिली. मावशी तापाने अंथरुणात होती. मंजुळा दोन कंदील घेऊन एकटी किनाऱ्यावर गेली. काडी हातात धरली, पण ओढवेना. लावले तर वर कुणी असेल. नाही लावले तर बाप... पावसात आगपेटी भिजून गेली, आणि ती तिथेच वाळूवर रडत बसली.

थोड्या वेळाने अंधारातून वल्ह्यांचा आवाज आला. होडी खडकांमधून नीट आत शिरली. महादूकाका उतरले, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"येडी गो माझी पोर. बारा कशाला लावलेस? दोन पुरे होते."

तिने मागे पाहिलं. किनाऱ्यावर काळोख होता. मांडीजवळचे दोन्ही कंदील विझलेलेच होते, पण काचा गरम होत्या. आणि त्यांना रॉकेलचा नाही, पेट्रोलचा वास येत होता.

त्यातला एक आमच्या पडवीत टांगलेला आहे. वर्षभर त्यात कुणी तेल घातलेलं नाही. आत्ता आई हाक मारतेय, बाबांची होडी अजून आली नाही, कंदील घेऊन ये म्हणून. पण तो तर आधीच पेटलेला...