एकाच थापेचा पाहुणा

मेंढ्या आणायला माझा नवरा ओड्डुर डोंगराकडे निघाला, तेव्हा आभाळ मोकळं होतं. "रस्सा सगळा आईला वाढून टाकू नकोस," जाता जाता तो मला म्हणाला. आतून सासूबाई ओरडल्या, "मेल्या, आधी टोपी घाल डोक्यात!"

हिवाळ्यात आमच्याकडे दुपारीच अंधारून येतं. त्या दिवशी त्याच्याही आधी बर्फाचं वादळ उठलं. मेंढ्या आपल्या आपण परतल्या. मी त्यांना आत घेतलं, पण त्यांच्यामागे ओड्डुर नव्हता.

चुलीत शेणाचे तुकडे धुमसत होते. ओल्या लोकरीचा वास घरभर कोंडला होता. मातीच्या जाड भिंतींतूनही वारा ऐकू येत होता. मी विणत होते, उसवत होते, पुन्हा विणत होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मग दारावर थाप पडली. एकच.

मी धावले, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब, रग्ना. जिवंत माणूस तीन थापा मारतो, देवाचं नाव घेऊन. मेलेल्याला तेवढ्या जमत नाहीत..."

"आई, हात गोठले असतील त्याचे!"

"माझ्या पोटचा आहे तो. मला काळजी नाही का? पण एका थापेला उघडायचं नसतं, बाई..."

मी बंदरावरची. असल्या गोष्टी आम्ही हसण्यावारी न्यायचो. तरी पाय अडखळले, खोटं कशाला सांगू? पण तो उंबऱ्याबाहेर पडला असेल, या विचारानं मी हात सोडवून घेतला आणि अडसर काढला.

बाहेर कोणी नव्हतं. बर्फात पाऊलही उमटलं नव्हतं. गारठा माझ्या अंगाला घासून आत गेला. त्याला नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास होता. सासूबाई पलंगावर जाऊन भिंतीकडे सरकल्या.

थोड्या वेळानं पुन्हा थापा पडल्या. या वेळी तीन. ओड्डुर होता! भुवया पांढऱ्या झालेल्या, पण धडधाकट. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. सासूबाईंनी शिव्या देत देत त्याचे हात चोळले आणि पुन्हा पलंगावर जाऊन बसल्या.

"वाट चुकलो होतो गं," रस्सा पिता पिता तो म्हणाला. "कड्याच्या टोकाला पोचलो होतो. यानं हाताला धरून मागे ओढलं. घर दिसल्यावर मीच म्हटलं, तू हो पुढे, दार वाजव."

"कोणी...?"

"हा काय! अजून वाढलं नाहीस त्याला?" ओड्डुरनं पलंगाकडे मान वळवली. "आता तो इथेच राहणार आहे. पोचवतो म्हणाला, पण जन्मभर घरात ठेवशील का... मी शब्द दिलाय."

पलंगावर सासूबाई एकट्याच होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हळूच पाय आखडून घेतले, आणि पायथ्याचं कांबळं, कोणी टेकावं तसं, खाली दबलं.