नदीवरून आलेली ओळ

या, शेकोटीजवळ सरकून बसा. सांगतो ती गोष्ट घडलेली आहे. हेपझीबाच्या भाचीनं ती माझ्या आजीला सांगितली, आजीनं मला.

न्यू इंग्लंडमधलं, कनेटिकट नदीकाठचं आमचं गाव. हाडं गोठवणारा हिवाळा. फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे अबेनाकी, तिथले मूळ रहिवासी, पहाटेच गावावर तुटून पडले. आमच्या लोकांनीही त्यांची गावं जाळली होतीच. आमच्यातल्या उरल्यासुरल्यांना बांधून हल्लेखोरांनी बर्फातून कॅनडाकडे चालवलं.

त्या कैद्यांतल्या हेपझीबाला आता एकच माणूस उरलं होतं. लेक, टॅबिथा.

आमच्या प्रार्थनाघरात पुस्तकं थोडी. म्हणून स्तोत्राची एकेक ओळ डीकन, म्हणजे मंडळीतले वडीलधारे सेवक, सांगणार आणि मंडळी ती गाऊन परत देणार. ओळ खाली पडू द्यायची नाही, हे टॅबिथा आईच्या मांडीवरच शिकली होती.

वाटेत नदी ओलांडताना डीकन ओबेडाया बर्फाखाली गेले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कैद्यांचा मुक्काम नदीकाठीच पडला.

आणि नदीकडून... स्तोत्राची पहिली ओळ आली.

आवाज डीकनांचा.

"म्हातारा जिवंत आहे," जोसाया सुतार हेपझीबाकडे बघून हसला. "एवढ्या गारठ्यातही घसा बसला नाही बघ, ताई."

त्यानं ओळ गाऊन परत दिली.

सकाळी तो बसल्या जागी थिजलेला होता. तोंड उघडंच.

त्या संध्याकाळी दुसरी ओळ आली... विधवा प्रुडन्सनं रडत रडत उचलली.

सकाळी तीही गेली.

मायलेकी ज्या अबेनाकी म्हातारीच्या ताब्यात होत्या, ती मालियान. तीही ख्रिस्ती, गळ्यात क्रूस. मोडक्या इंग्रजीत ती हेपझीबाला म्हणाली, "पोरी, आज तोंड मिटून बस. तो आवाज माणसं न्यायला येतोय."

"देवाची ओळ आहे, आजी. सोडली तर मी देवाची कोण?"

"आणि म्हटलीस तर हिची कोण?"

हेपझीबानं टॅबिथाला जवळ ओढलं.

अंधारून आलं. ओळ आली... या वेळी अगदी जवळून.

टॅबिथानं छाती भरून श्वास घेतला.

हेपझीबानं तिच्या तोंडावर तळवा दाबला. देवा, ओळ तुझी असेल तर शिक्षा मला कर.

ओळ पुन्हा आली.

डीकन ओळ कधी दोनदा सांगत नसत.

मग शांतता. कुणीतरी वाट बघत उभं असावं, तशी...

आणि नदीवरूनच उत्तर आलं. जोसायाचा जाड आवाज. प्रुडन्सचा रडवेला. आणि त्यांच्यात मिसळलेला एक कोवळा...

टॅबिथाचा.

तिचे ओठ तर आईच्या तळव्याखाली घट्ट मिटलेले होते.

टॅबिथा जगली. पुढे दोघींना नातेवाइकांनी सोडवून आणलं. पोरगी बोलायची, भांडायची, शेजारणीच्या नकला करायची. पण प्रार्थनाघरात ओळ आली, की तिचं तोंड उघडायचं...

आवाज यायचा नाही.

"थंडीनं गळा गेला बिचारीचा," लोक म्हणायचे.

हेपझीबा शेजारी बसून दोघींच्या वाटचं गायची. लेक वाचवून आणली, की अर्धी तिथंच सोडून आली, हे तिनं पाद्रीबाबांना मरेपर्यंत विचारलं नाही.

तुम्ही चार माणसांत बसून देवाचं गाणं म्हणाल, तेव्हा टॅबिथाची आठवण ठेवा.

मीही ठेवतो. फक्त नदीकाठी गात नाही.